वंशभेदाविषयीं बोलावें कसें?

कातडीचा रंग, केसांचें कुरळेपण, नाकडोळ्यांची ठेवण, या गोष्टी परमेश्वरानें किंवा निसर्गानें आपल्याला न विचारतां दिलेल्या आहेत. असें असूनहि त्यांच्यावरून मनुष्यानें मनुष्याला विकलें, वेगळ्या वस्तींत कोंडलें, शाळेच्या दारांतून परत धाडलें. हा विषय निघाला आणि दोन भिन्न मतांचीं माणसें बोलूं लागलीं, कीं थोड्याच वेळांत आवाज चढतात, आणि आवाज चढले म्हणजे मूळ विषय बाजूला राहून बोलणारीं माणसेंच विषय होऊन बसतात. म्हणून "हा विषय चारचौघांत नकोच" असें म्हणणारे सुज्ञ लोक पुष्कळ भेटतात. परंतु न बोलल्यानें गैरसमज नाहींसे होत नाहींत. ते माजघरांत जाऊन बसतात आणि तेथेंच वाढतात. तेव्हां बोलावें कीं न बोलावें हा प्रश्न नसून बोलावें कसें, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या न्यायशास्त्रकारांनीं चर्चेला 'कथा' असें नांव देऊन तिचे तीन प्रकार मानले आहेत. दोन्ही पक्षांना सत्य जाणून घ्यावयाचें आहे, अशा वृत्तीनें जी चर्चा चालते तिला 'वाद' म्हणावयाचें. जेथें सत्यापेक्षां जय मोठा मानला जातो ती 'जल्प'. आणि ज्याला स्वतःचें असें कांहींच मांडावयाचें नसतें, दुसऱ्याचें मोडावयाचें एवढेंच ठाऊक असतें, त्याची ती 'वितंडा'. आपल्या रोजच्या मराठींत 'वाद घालणें' याचा अर्थ भांडणें असा होऊन बसला आहे, आणि वितंडवादालाच आपण वाद समजूं लागलों आहों. ही केवळ शब्दाची घसरण नव्हे. या तीन प्रकारांचीच फूटपट्टी हातीं घेऊन वंशभेदावरील कांहीं प्रसिद्ध चर्चा आज आपण पाहूं.

प्रथम, वंश म्हणजे काय याविषयीं शास्त्राचें म्हणणें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत वंशशुद्धीच्या नांवाखालीं जो मानवसंहार झाला तो पाहून युनेस्को या संस्थेनें डिसेंबर १९४९ मध्यें पॅरिस येथें विद्वानांची एक समिति बोलाविली. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझिअर हे तिचे अध्यक्ष होते, आणि आपल्या देशाचे हुमायून कबीर हे तिच्या सभासदांपैकीं एक होते. जुलै १९५० मध्यें या समितीचें निवेदन प्रसिद्ध झालें. वंश ही जीवशास्त्रीय वस्तुस्थिति असण्यापेक्षां समाजानें रचलेली एक भ्रामक समजूत अधिक आहे, असा त्याचा सूर होता.

निवेदन बाहेर पडतांच शास्त्रज्ञांतच मतभेद उत्पन्न झाला. शरीररचनेचा व आनुवंशिकतेचा अभ्यास करणारे कित्येकजण म्हणाले कीं, निष्कर्षाची दिशा आम्हांला मान्य आहे, परंतु मानवाच्या ठिकाणीं बंधुभाव उपजतच असतो इत्यादि जीं विधानें तुम्हीं केलीं आहेत तीं पुराव्याच्या पलीकडचीं आहेत. अशा वेळीं संस्थेला दोन मार्ग होते. टीकाकारांना वंशद्वेष्टे ठरवून गप्प बसविणें हा एक, किंवा त्यांचें ऐकून घेणें हा दुसरा. युनेस्कोनें दुसरा मार्ग पत्करला. १९५१ सालीं शरीरमानवशास्त्रज्ञ व आनुवंशिकीचे अभ्यासक यांना बोलावून दुसरें निवेदन तयार करविलें, आणि १९५२ सालीं त्यावरील अनुकूल-प्रतिकूल अभिप्राय एका पुस्तिकेंत छापूनहि टाकले. ज्यांचीं मतें आज कोणी ग्राह्य धरणार नाहीं अशांचेहि अभिप्राय तींत आहेत. या उदाहरणाला 'वाद' हें नांव शोभतें.

पुढील संशोधनानें वंशकल्पनेचा पाया अधिकच ढिला केला. रिचर्ड लेवाँटिन या शास्त्रज्ञानें १९७२ सालीं रक्तगट व रक्तांतील प्रथिनें यांच्या भेदांचें गणित मांडून दाखविलें कीं, मानवजातींतील एकंदर आनुवंशिक विविधतेपैकीं सुमारें ८५ टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या पोटांतच सांपडते. आपण ज्यांना निरनिराळे वंश म्हणतों त्यांच्या दरम्यानचा वाटा अवघा ६ टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणजे एकाच गल्लींत राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांत जितकें वेगळेपण असूं शकेल, त्याच्या मानानें दोन खंडांच्या रहिवाशांत सरासरीनें पडणारी भर थोडीच आहे. कातडीच्या रंगाचें म्हणाल, तर तो मुख्यत्वें सूर्यप्रकाशाचा हिशेब आहे. प्रखर उन्हाच्या प्रदेशांत काळा रंग छत्रीचें काम करतो, आणि मंद उन्हाच्या प्रदेशांत उजळ कातडीला 'ड' जीवनसत्त्व तयार करणें सोपें जातें. यांत श्रेष्ठकनिष्ठतेचा प्रश्न येतोच कोठें?

परंतु येथें एक गल्लत संभवते. वंश ही कल्पना शास्त्रदृष्ट्या दुबळी ठरली म्हणून तिचे परिणामहि दुबळे आहेत असें नव्हे. ज्याला रंगामुळें घर मिळालें नाहीं त्याला "अहो, वंश हा भ्रम आहे" असें सांगून काय उपयोग? घर तर मिळालेंच नाहीं! शास्त्रीय सत्य निराळें आणि लोकांनीं भोगलेला अनुभव निराळा. दोन्ही खरीं आहेत, आणि चर्चेंत दोहोंनाहि जागा द्यावी लागते.

आतां दुसरें उदाहरण पहा. १८ फेब्रुवारी १९६५ रोजीं इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाच्या वादसभेंत एक सामना झाला. 'अमेरिकेचें स्वप्न अमेरिकन निग्रोच्या जिवावर उभें आहे' असा ठराव होता. निग्रो हा शब्द त्या काळीं तेथें रूढ होता, म्हणून तसाच ठेविला आहे. ठरावाच्या बाजूनें कृष्णवर्णीय लेखक जेम्स बॉल्डविन आणि विरुद्ध बाजूनें 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाचे संपादक विल्यम बक्ली, असे दोन मातबर वक्ते उभे राहिले. बॉल्डविन यांनीं आंकडे थोडे सांगितले आणि आपल्या पूर्वजांनीं केलेली मोलमजुरी, आपल्या लेंकरांच्या मनाला पडणारे पीळ, यांचें चित्र उभें केलें. सभा उठून उभी राहिली. मतें मोजलीं तेव्हां ठरावाच्या बाजूनें ५४४ आणि विरुद्ध १६४ पडलीं.

हा उच्च कोटीचा जल्प होता, आणि जल्पाचाहि उपयोग असतो. सभागृहांतील शेंकडों तरुणांना जें ठाऊक नव्हतें तें त्या रात्रीं कळलें. पण प्रतिपक्षाचें काय झालें? बक्ली हरले, परंतु पटून घरीं गेले नाहींत. दक्षिणेकडील संस्थानांतील पक्षपाती कायदे काळाच्या ओघांत आपोआप सुधारतील, मध्यवर्ती सरकारनें हात घालूं नये, हें आपलें मत चुकलें आणि तो हस्तक्षेप आवश्यकच होता, अशी कबुली त्यांनीं दिली ती २००४ सालीं. मध्यें ३९ वर्षें गेलीं. हरलेला मनुष्य बहुधा आपल्या मताला अधिकच घट्ट धरून बसतो, कारण आतां त्याला मताबरोबर अब्रूहि सांभाळावयाची असते.

आणि आतां तिसरें उदाहरण, ज्यासाठीं मीं हा सारा प्रपंच मांडिला. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत डरहॅम नांवाचें, पूर्वीं तंबाखूच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें शहर आहे. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणें घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १७ मे १९५४ रोजीं दिला होता. परंतु निर्णय वॉशिंग्टनमध्यें लागला तरी तो गल्लींतल्या शाळेपर्यंत पोहोंचावयास वर्षानुवर्षें लागलीं. १९७१ सालीं डरहॅममधील शाळा न्यायालयाच्या हुकुमानें एकत्र करण्याची वेळ आली तेव्हां शहरांत मोठी तंग स्थिति होती. त्यावर उपाय म्हणून जुलै महिन्यांत दहा दिवसांची एक सार्वजनिक बैठक भरविण्यांत आली. तिला 'शॅरेट' म्हणत. हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ हातगाडी असा आहे. पॅरिसमध्यें वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे नकाशे मुदत संपतांच एका गाडीवर गोळा करीत, आणि शेवटच्या घटकेपर्यंत रेघा ओढणारे ते विद्यार्थी 'गाडीवर' आहेत असें म्हणत. त्यावरून मुदतबंद, नेटानें चालविलेल्या सामुदायिक विचारविनिमयाला हें नांव पडलें.

या बैठकीचे सूत्रचालक बिल रिडिक हे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. त्यांनीं अध्यक्षपदासाठीं जी जोडी निवडली ती ऐकून शहर थक्क झालें. एका बाजूला ॲन ॲटवॉटर. १९३५ सालीं गरीब शेतकरी कुटुंबांत जन्मलेल्या, गोऱ्यांच्या घरीं धुणीभांडीं करून दोन मुली वाढविणाऱ्या, आणि भाडेकऱ्यांच्या हक्कांसाठीं अधिकाऱ्यांच्या मेजावर मूठ आपटणाऱ्या कृष्णवर्णीय बाई. दुसऱ्या बाजूला क्लेबोर्न पॉल एलिस, जन्म १९२७ चा, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेच्या स्थानिक शाखेचे मुख्य. दोघेंहि एकमेकांचा तिरस्कार करीत. पूर्वीं एका सभेंत एलिस यांचे शब्द ऐकून आपला हात चाकूकडे गेला होता, असें ॲटवॉटरबाईंनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे.

एलिस या मनुष्याची हकीकत समजून घेण्यासारखी आहे. तो कोणी धनाढ्य जमीनदार नव्हता. गिरणीकामगाराचा मुलगा, शाळा अर्धवट सुटलेली, कर्ज काढून पेट्रोलपंप चालविला, रात्रंदिवस राबला, तरी हातातोंडाची गांठ पडेना. एक मुलगा आंधळा व अपंग. आपल्या दैन्याला कोणीतरी जबाबदार असलें पाहिजे, आणि तो कोणीतरी म्हणजे काळा मनुष्य, असें त्याच्या मनानें घेतलें. क्लॅनमध्यें गेल्यावर आयुष्यांत प्रथमच त्याला मान मिळाला. गांवचे प्रतिष्ठित गोरे पुढारी रात्रीं टेलिफोन करून त्याला पाठबळ देत. पण तोच पुढारी दिवसा रस्त्यांत दिसला तर दुसऱ्या बाजूनें निघून जाई. आपण कोणाच्या तरी हातांतलें हत्यार आहों, ही शंका त्याच्या मनाला तेव्हांच डंख मारून गेली होती.

बैठक सुरू झाली. सकाळपासून रात्रीपर्यंत लोक लहान लहान गटांत बसत. प्रत्येकाला आपलें गाऱ्हाणें बोलून दाखवितां येई. आरंभीं शिव्याशाप झाले. एलिस यांनीं सभागृहांत क्लॅनचे झगे आणि पत्रकें यांचें प्रदर्शन मांडलें, तेव्हां कृष्णवर्णीय तरुण तें उधळून लावण्यास धांवले. त्यांना कोणीं अडविलें? ॲटवॉटरबाईंनीं! या लोकांच्या डोक्यांत काय आहे तें कळावयास हवें असेल तर आधीं हें वाचा, असें त्यांनीं मुलांना बजावलें. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेंत, उत्तरपक्ष मांडण्याआधीं पूर्वपक्ष नीट समजून घ्या.

दोघांनाहि स्वकीयांचा बोल सोसावा लागला. आपण विकले गेलां, असें दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या पुढाऱ्याला म्हणूं लागले. एके दिवशीं काम आटोपल्यावर हीं दोघें थकून बसलीं असतां बोलणें मुलांवर आलें. ॲटवॉटरबाई म्हणाल्या कीं, मी तुमच्याबरोबर बसतें म्हणून माझी मुलगी शाळेंतून रडत आली. एलिस चपापले. त्यांचाहि मुलगा रडत घरीं आला होता, त्यालाहि वर्गांत सर्वांसमोर बापावरून हिणविलें होतें. दोघांच्याहि डोळ्यांतून पाणी आलें. त्या घटकेला एलिस यांना प्रथमच उमगलें कीं समोर बसली आहे ती 'काळी' नव्हे, एक आई आहे. तिची विवंचना आणि माझी विवंचना एकच आहे, आणि ज्या निकृष्ट शाळेंत तिचीं मुलें शिकतात तिच्यांतच माझींहि शिकतात.

दहाव्या रात्रीं भरसभेंत एलिस यांनीं क्लॅनचें आपलें सभासदपत्र बाहेर काढलें आणि फाडून टाकलें. जुने सोबती तुटले, धमक्या आल्या. पुढें ते कामगारसंघाचे चिटणीस म्हणून निवडून आले, आणि ज्यांच्या मतांनीं निवडून आले त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते! त्यांचा आणि ॲटवॉटरबाईंचा स्नेह २००५ सालीं एलिस वारले तोंपर्यंत अखंड टिकला. ॲटवॉटरबाई २०१६ सालीं निवर्तल्या.

श्रोते हो, केंब्रिजला एका रात्रींत जें घडलें नाहीं तें डरहॅमला दहा दिवसांत कां घडलें? मला वाटतें, त्याचीं कारणें भावनेंत शोधण्यापेक्षां बैठकीच्या रचनेंत शोधावीं. पहिलें असें कीं, तेथें प्रश्न 'कोणता वंश श्रेष्ठ?' असा ठेवलेलाच नव्हता. 'या शाळा नीट कशा चालतील?' असा होता. श्रेष्ठतेच्या प्रश्नाला अंत नाहीं, शाळेच्या प्रश्नाला आहे. दुसरें, जयपराजयाचा निवाडा करणारे प्रेक्षक नव्हते. प्रत्येकजण कामाला जुंपलेला होता. तिसरें, दहा दिवसांचा अवधि होता. मनुष्य एका बैठकींत मत बदलीत नाहीं. त्याला रात्रीं उशाशीं घेऊन झोपावयाला कांहीं तरी द्यावें लागतें. आणि चौथें, दोघेंहि स्वतःच्या अनुभवाचें बोलत होतीं, सबंध वंशाच्या वतीनें नव्हे. वर्गांत मुलें भांडलीं म्हणजे 'तो नेहमींच असें करतो' या वाक्यानें भांडण वाढतें, आणि 'आज त्यानें माझी पाटी फोडली' या वाक्यानें तें मिटण्याच्या वाटेला लागतें, हें मीं उभ्या नोकरींत पाहिलें आहे. 'तुम्ही लोक' या दोन शब्दांनीं जितक्या चर्चा बुडविल्या तितक्या शिव्यांनींहि बुडविल्या नसतील.

तथापि या गोष्टीचा कोणी असा अर्थ काढूं नये कीं गोड बोलल्यानें अन्याय मिटतो. डरहॅमची बैठक भरली ती न्यायालयाच्या हुकुमानंतर, आणि तो हुकूम आला तो असंख्य लोकांनीं मोर्चे काढल्यावर, तुरुंग भोगल्यावर. कायद्यानें दार उघडलें म्हणून संवादाला आंत येतां आलें. दुसरें असें कीं, ज्यानें अपमान सोसला त्यालाच "तूं शांतपणें समजावून सांग" असें सांगणें ही कित्येकदां दुसरी शिक्षाच होते. ॲटवॉटरबाईंनीं तें ओझें स्वखुषीनें उचललें. तें प्रत्येकानें उचलावेंच, अशी मागणी करण्याचा अधिकार कोणाला नाहीं. आणि तिसरें, आदरानें ऐकणें म्हणजे अर्ध्यावर तडजोड करणें नव्हे. शाळेंतील बांकांची मांडणी ही देवघेवीची बाब असूं शकते. समोरचा मनुष्य पुरता मनुष्य आहे कीं नाहीं, ही देवघेवीची बाब नव्हे. मनुष्य म्हणून आदर दोघांना सारखाच द्यावा. मतांना मात्र पुराव्याच्या तराजूंत घालावें.

या विषयाशीं महाराष्ट्राचें नातें जुनें आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहून तो निग्रोंना दास्यांतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले, आणि १९४६ सालीं त्यांनीं कृष्णवर्णीयांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. ड्यूबॉइस यांनींहि सहानुभूतीचें उत्तर धाडिलें. दोन्ही समाजांची दुःखें परस्परांना ओळखूं आलीं. पण त्याच आंबेडकरांनीं १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध न दिलेल्या भाषणांत, जातिभेद हा वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक वांटणी आहे, असेंहि पुराव्यानिशीं मांडलें होतें. साम्य ओळखणें आणि भेद न पुसणें, हा विवेक शिकण्यासारखा आहे.

आणि आपल्या घरांत? वधूवरांच्या जाहिरातींतील 'गोरी' या विशेषणाकडे आपण कधीं थांबून पाहतों काय? ईशान्येकडील राज्यांतून पुण्या-मुंबईस शिकावयास आलेल्या मुलांना चेहऱ्यावरून परदेशीं ठरवून हांक मारली जाते. हा प्रश्न इतका गंभीर झाला कीं २०१४ सालीं केंद्र सरकारला बेझबरुआ समिति नेमावी लागली. आफ्रिकेंतून येथें शिकावयास येणाऱ्यांना भाड्याची खोली शोधतांना काय ऐकावें लागतें, तें त्यांच्यापैकीं एकाला चहाला बोलावून विचारावें. वास्तविक ज्या दख्खनच्या इतिहासांत हबशी मलिक अंबरचें नांव आदरानें घेतलें जातें, त्या प्रांताला रंगाचा असा गंड शोभत नाहीं.

म्हणून जेवणाच्या पाटावर, कट्ट्यावर किंवा आगगाडीच्या डब्यांत हा विषय निघाला तर तो टाळूं नये. समोरच्याचें म्हणणें आधीं आपल्या शब्दांत मांडून दाखवावें, आणि "होय, मला हेंच म्हणावयाचें आहे" असें तो म्हणाल्यावरच उत्तराला आरंभ करावा. एवढा एक नियम पाळला तर जल्पाचा वाद होण्याला पुष्कळ मदत होईल. त्यानें समोरचा मनुष्य आपल्या मताचा होईलच असें नाहीं. पण आपण त्याला त्याच्या पेंचांतून बाहेर पडण्यासाठीं एक दार उघडें ठेवलें, एवढें तरी खास होईल.